खानदेशचा आठवडे बाजार

[महाराष्ट्राच्या उत्तर भागात भरणाऱ्या आठवडे बाजाराची माहिती या पाठात दिली आहे. हाताने वस्तू बनवणारे कारागीर व खाद्यपदार्थ विकणारे लोक बाजारात कसे येतात, वस्तूचा भाव कसा ठरतो आणि संध्याकाळी तो का उतरतो, हे येथे सांगितले आहे.]

मुलांनो, शहरातील दुकाने रोज उघडतात. तिथे रोज गिऱ्हाईक येते. लहान गावात मात्र तसे होत नाही. समजा, एखाद्या कुंभाराने आपल्या गावात रोज माठांचे दुकान मांडले. गावात घरे दोनशे. एका घराला उन्हाळ्यात एक-दोन माठ पुरतात. मग रोज त्याचा माठ कोण घेणार? यावर आपल्या पूर्वजांनी एक सोपा उपाय शोधला. आसपासच्या दहा-पंधरा गावांनी मिळून एका मोठ्या गावी आठवड्यातून एकदा जमायचे. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते आणि घेणाऱ्याला सगळ्या वस्तू एकाच ठिकाणी मिळतात. यालाच आठवडे बाजार म्हणतात.

शेजारच्या मोठ्या गावांचे बाजार सहसा एकाच दिवशी भरत नाहीत. एका गावी सोमवारी, दुसऱ्या गावी मंगळवारी, तिसऱ्या गावी गुरुवारी बाजार असतो. त्यामुळे तोच विक्रेता आठवडाभर गावोगाव फिरू शकतो. एखाद्या विक्रेत्याला त्याचा पत्ता विचारा. तो म्हणेल, "आज इथे, उद्या तिथे, पुढच्या बाजारी पुन्हा इथेच." पुढच्या बाजारी पुन्हा इथेच, हे शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यांचे महत्त्व तुम्हांला कळेल.

आता आपण खानदेशात जाऊ. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांना मिळून खानदेश म्हणतात. नंदुरबार हा जिल्हा १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. खानदेशच्या उत्तरेला सातपुडा पर्वत आहे. तापी नदी या भागातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तापीकाठची जमीन काळी व कसदार आहे. तिच्यात कापूस, ज्वारी, भुईमूग, केळी आणि मिरची ही पिके येतात. डोंगरात पावरा, भिल्ल अशा आदिवासी जमाती राहतात. त्यामुळे इथल्या बाजारात मराठीबरोबर अहिराणी, पावरी, भिल्ली आणि उर्दू या भाषाही कानांवर पडतात.

बाजाराच्या दिवशी दिवस उजाडण्यापूर्वीच बैलगाड्या, टेम्पो आणि एस. टी. गाड्या येऊ लागतात. विक्रेते ताडपत्रीची पाले ठोकतात. कोणी नुसतेच गोणपाट अंथरून बसतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. भाजीवाल्यांची ओळ वेगळी, धान्याची वेगळी, कापडाची वेगळी. कुंभार आणि बुरूड बहुधा कडेला बसतात, कारण त्यांच्या मालाला जागा जास्त लागते. ग्रामपंचायतीचा माणूस फिरून जागेची पावती फाडतो. पहिली विक्री झाली की विक्रेता ते पैसे कपाळाला लावतो. या पहिल्या विक्रीला मराठीत 'भवानी' म्हणतात. उर्दूत तुम्ही तिला 'बोहनी' म्हणता.

बाजारातले कितीतरी मराठी शब्द तुम्हांला ओळखीचे वाटतील. बाजार, दुकान, तराजू, वजन, माल, हमाल, दलाल हे शब्द उर्दूत आहेत तसेच मराठीत आहेत. काही शब्द थोडे बदलले आहेत. 'हिसाब'चा हिशेब झाला, 'कारीगर'चा कारागीर झाला, 'कीमत'ची किंमत झाली, 'मजदूरी'ची मजुरी झाली. याचे कारण इतिहासात आहे. बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांनी खानदेशावर सुमारे दोनशे वर्षे राज्य केले. १६०१ साली अकबर बादशहाने हा प्रदेश मोगल राज्याला जोडला. महाराष्ट्राच्या इतर भागांतही सुलतानांची राज्ये होती. फारसी ही त्या काळी कारभाराची भाषा होती. तिचे शब्द कचेरीतून बाजारात आले आणि बाजारातून घराघरांत गेले. मात्र लिंगाकडे लक्ष द्या. उर्दूत दुकान स्त्रीलिंगी आहे. मराठीत ते नपुंसकलिंगी आहे. म्हणून 'ती दुकान' असे न म्हणता 'ते दुकान' असे म्हणावे.

चला, आता कारागिरांना भेटू या. प्रथम कुंभाराकडे जाऊ. तो माती भिजवतो, तुडवतो, तिच्यात राख किंवा लीद मिसळतो. मग चाकावर तिला आकार देतो, थापीने ठोकून तिचा माठ करतो, तो वाळवतो आणि शेवटी भट्टीत भाजतो. भट्टीत काही माठ तडकतात. त्यांचे श्रम वाया जातात. माठ विकत घेताना जाणती माणसे त्यावर बोटांनी टकटक करतात. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का असतो. आवाज बद्द आला तर त्याला चीर असते. माठात पाणी गार का होते, ठाऊक आहे? भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते. त्या पाण्याची वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार राहते.

कुंभाराजवळ पालथ्या घागरीसारखे एक मोठे भांडे दिसेल. ते खापर होय. खानदेशात पुरणपोळी तव्यावर न भाजता चुलीवर पालथ्या ठेवलेल्या खापरावर भाजतात. बाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करते. पोळपाट-लाटण्याची गरज पडत नाही. पोळी परातीएवढी झाली की ती अलगद खापरावर टाकते. या पोळीला मांडा असेही म्हणतात. खापर चांगले भाजलेले नसेल तर ते चुलीवर फुटते आणि पोळीही वाया जाते. म्हणजे सुगरणीची कला कुंभाराच्या कलेवर उभी असते.

पुढे लोहार बसला आहे. त्याच्यापुढे विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाडी आणि उलथणी मांडलेली आहेत. लोखंडाचे पाते तापवून ठोकले म्हणजे काम संपत नाही. तापलेले पाते नेमक्या क्षणी पाण्यात बुडवावे लागते. याला 'पाणी देणे' म्हणतात. पाणी कमी बसले तर धार वळते, जास्त बसले तर पाते तडकते. तो क्षण लोहार पात्याच्या रंगावरून ओळखतो. विळा नुसता पाहून त्याला पाणी बरोबर बसले आहे की नाही, हे आपल्याला कळत नाही. मग शेतकरी तो कशाच्या भरवशावर घेतो? तो लोहाराच्या शब्दावर घेतो. धार वळली तर शेतकरी पुढच्या बाजारी विळा घेऊन येणार, हे लोहाराला ठाऊक असते. लोहार पुढच्या बाजारी इथेच बसलेला असणार, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. कागदावर लिहिलेली हमी नसते, तरी हमी असते. आठवडे बाजाराचा पाया हा असा आहे.

बुरुडाकडे बांबूची सुपे, टोपल्या, करंड्या आणि कोंबड्या झाकण्याची डालगी आहेत. तो बांबू चिरून त्याच्या पातळ कामट्या काढतो. कामट्या काढताना हाताला जखमा होतात. चांगल्या सुपाची वीण इतकी घट्ट असते की त्यातून बाजरीचा दाणाही खाली पडत नाही.

या बाजारात मुसलमान कारागीर आणि विक्रेतेही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तुमच्या वर्गात बागवान, मनियार, पिंजारी, तांबोळी, शिकलगार अशी आडनावे असतील. ही नावे व्यवसायांवरून पडली आहेत. बागवान फळे व भाजी विकतात. तांबोळी विड्याची पाने विकतात. शिकलगार हत्यारांना धार लावतात. पिंजारी कापूस पिंजून गाद्या, उशा आणि रजया भरतात. त्यांचे जुने साधन मोठ्या धनुष्यासारखे होते. त्याच्या तातीवर आघात केला की ती थरथरे आणि कापूस ढगासारखा फुले. आता हे काम बहुतेक ठिकाणी विजेच्या यंत्रावर होते.

मनियार बांगड्या भरतो. काचेच्या बांगड्या उत्तर प्रदेशातील फिरोजाबादहून येतात. त्या हातात भरणे ही खरी कला आहे. मनियार हात हळूहळू दाबत, वळवत लहान मापाची बांगडी न दुखवता मनगटावर चढवतो. भरताना बांगडी फुटली तर तिचे पैसे तो घेत नाही. मात्र 'बांगडी फुटली' हे शब्द अशुभ मानतात. मराठीत 'बांगडी वाढवली' असे म्हणतात. संध्याकाळी विक्रेते दुकान बंद करतात, तेव्हाही ते 'दुकान वाढवले' असे म्हणतात. उर्दूतही 'दुकान बढ़ाना' म्हणजे दुकान बंद करणे. दोन्ही भाषांना वाईट शब्द तोंडी येऊ नये असेच वाटते.

एव्हाना दुपार झाली आणि भूक लागली. भडभुंज्याच्या भट्टीवर कढईत वाळू तापली आहे. तो तिच्यात हरभरे टाकतो, झाऱ्याने हलवतो आणि चाळून वाळू वेगळी करतो. झाले फुटाणे तयार! वाळूमुळे प्रत्येक दाण्याला सगळीकडून सारखी आच लागते. म्हणून दाणा न करपता फुलतो. शेजारी भजी, जिलेबी, गोडीशेव आणि तिखट शेव यांची पाले आहेत. जाड तिखट शेव घरी नेऊन काळ्या मसाल्याच्या रश्शात टाकली की खानदेशची प्रसिद्ध शेवभाजी होते. बचत गटांच्या बायका उडदाचे पापड, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या घेऊन बसतात. उन्हाळ्यात अंगणात वाळवलेला हा माल वर्षभर टिकतो.

हिवाळ्यात बाजारात भरताची वांगी येतात. ती मोठी, फिकट हिरवी आणि कमी बियांची असतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर ती भाजतात. मग सोलून लाकडाच्या बडगीत मुसळाने ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालतात. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरीबरोबर हे भरीत खातात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे काय? एखाद्या मालाचा गुण त्या प्रदेशाच्या माती-पाण्यामुळे किंवा तिथल्या लोकांच्या कौशल्यामुळे आलेला असतो. असा माल दुसरीकडच्या कोणी त्या प्रदेशाच्या नावाने विकू नये, म्हणून कायद्याने त्या नावाला दिलेले संरक्षण म्हणजे भौगोलिक मानांकन. आपल्या देशात हा कायदा १९९९ साली झाला.

आता सातपुड्याच्या डोंगरातील धडगाव, मोलगी या भागातील बाजाराकडे वळू. होळीच्या आधीच्या आठवड्यात डोंगरभागात जे बाजार भरतात त्यांना भोंगऱ्या म्हणतात. तेव्हा आदिवासी स्त्री-पुरुष ढोल आणि बासऱ्या वाजवत येतात. नवे कपडे, दागिने, गूळ, डाळ्या आणि साखरेचे हार घेतात. भोंगऱ्याचा आनंद मोठा असतो. तथापि वर्षभराच्या कष्टांचे मोल ठरते ते साध्या बाजारात.

उदाहरणार्थ, आमचूर घ्या. उन्हाळ्यात आदिवासी कुटुंबे आंब्याच्या कैऱ्या उतरवतात. घरातील लहान-थोर सगळे कैऱ्यांच्या साली काढतात, फोडी करतात आणि खडकावर किंवा छपरावर वाळवतात. वाळल्यावर टोपलीभर कैरीचे ओंजळभर आमचूर उरते. फोडी पांढऱ्या राहिल्या तर भाव चांगला येतो. अवकाळी पावसाने भिजल्या तर त्या काळ्या पडतात आणि भाव उतरतो. मग हे ओझे डोक्यावर घेऊन डोंगरवाटेने बाजारात यायचे. तिथे ते व्यापारी घेतो आणि मोठ्या शहरात पाठवतो. विकणाऱ्या बाईला त्याच दिवशी मीठ, तेल आणि धान्य घेऊन घरी परतायचे असते. ओझे परत नेणे तिला परवडत नाही. व्यापारी मात्र थांबू शकतो. ज्याला थांबता येते तो भाव ठरवतो. ज्याला थांबता येत नाही त्याला तो भाव घ्यावा लागतो. बाजाराचा हा नियम कठोर आहे. बायकांनी गट करून आमचूर एकत्र साठवले आणि एकत्र विकले, तर त्यांनाही थोडे थांबता येते. गटाचा खरा फायदा हाच.

हाच नियम तुमच्या गावच्या बाजारातही पाहायला मिळेल. सकाळी मेथीची जुडी महाग असते. संध्याकाळी तीच जुडी अर्ध्या किमतीत मिळते. मेथी उद्यापर्यंत सुकेल म्हणून भाजीवाली ती देऊन टाकते. पण मग बुरूड संध्याकाळी टोपली स्वस्त का देतो? टोपली काही सडत नाही. टोपली थांबू शकते, पण त्याच्या घरची भूक थांबू शकत नाही. टोपली विकली तरच त्याला पिठाची पिशवी घेता येते. आपण "स्वस्त मिळाली" म्हणून खूश होतो, तेव्हा त्याच्या मजुरीतला काही भाग आपल्या पिशवीत आलेला असतो.

याचा अर्थ भाव करूच नये असा नाही. भाव करणे हा बाजाराचा रिवाज आहे. विक्रेताही थोडा भाव वाढवून सांगतो. दोघांना परवडेल अशा किमतीवर सौदा ठरावा, एवढेच. कापडाच्या मोठ्या दुकानात चिठ्ठीवर छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो आणि टोपलीवाल्याशी मात्र पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. हे बरोबर आहे का, याचा तुम्हीच विचार करा.

विक्रेत्याचेही कर्तव्य आहे. त्याने माप पूर्ण द्यावे. पूर्वी धान्य शेर आणि पायलीने मोजत. चार शेरांची एक पायली होत असे. १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि हळूहळू देशभर किलोग्रॅम, लिटर व मीटर ही मापे आली. आज वजनांवर आणि काट्यावर सरकारी शिक्का असावा लागतो. तो पाहण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. मापात कमी देणे हे सर्व धर्मांनी पाप मानले आहे. कुरआन शरीफमध्ये तर मापात खोट करणाऱ्यांच्या नावाची एक स्वतंत्र सूरा आहे, ती म्हणजे सूरह मुतफ्फिफीन.

काळाबरोबर बाजार बदलला आहे. माठाच्या जागी प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, टोपलीच्या जागी प्लॅस्टिकचे टब आले. यंत्रावरचा माल स्वस्त असतो, त्यामुळे कारागिरांची मुले दुसरी कामे शोधतात. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. २०२० साली करोनाच्या साथीत आठवडे बाजार बंद ठेवावे लागले. तेव्हा बाजारावर किती घरांची चूल अवलंबून असते, हे सर्वांना कळले. चांगले बदलही झाले. शहरातील पथविक्रेत्यांच्या संरक्षणासाठी २०१४ साली कायदा झाला. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. आता अनेक विक्रेते मोबाइलवरूनही पैसे घेतात.

मुलांनो, पुढच्या बाजारी आई-वडिलांबरोबर जरूर जा. कापडी पिशवी न्या. माठ टकटक करून पाहा, वजनावरचा शिक्का बघा. वस्तू हातात घेतली की ती कोणी केली, कशी केली, हे अदबीने विचारा. दुकानातल्या वस्तूला हा प्रश्न विचारता येत नाही, कारण ती करणारा तिथे नसतो. आठवडे बाजारात तो तुमच्यासमोर बसलेला असतो. त्याच्या श्रमांची योग्य किंमत द्या, म्हणजे पुढच्या बाजारी तो पुन्हा तिथेच बसलेला दिसेल.

शब्दार्थ

गिऱ्हाईक – विकत घेणारा माणूस
पाल – कापडाचा किंवा ताडपत्रीचा तात्पुरता तंबू
कामट्या – बांबूच्या पातळ पट्ट्या
तात – धनुष्यासारख्या साधनाची दोरी
बडगी – भरीत ठेचण्याचे लाकडी भांडे
आमचूर – वाळवलेल्या कैरीच्या फोडी किंवा त्यांची पूड
घासाघीस करणे – किंमत कमी करण्यासाठी वाद घालणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खानदेशात कोणते तीन जिल्हे येतात?
(आ) पहिल्या विक्रीला मराठीत काय म्हणतात?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) माठातील पाणी गार का होते?
(आ) लोहाराच्या शब्दावर शेतकरी विश्वास का ठेवतो?
३. 'ज्याला थांबता येते तो भाव ठरवतो', हे आमचुराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. उर्दू आणि मराठीत सारखे असलेले बाजारातील दहा शब्द लिहा व त्यांचे मराठीतील लिंग सांगा.
५. तुमच्या गावातील एका कारागिराला भेटा. त्याच्या कामाविषयी दहा ओळी लिहा.